भीमराजचा हिरवा फिशटँक

"ताई, आज पुन्हा दोन मेले."

शनिवारी सकाळी सव्वाआठला करिष्माचा फोन आला. आम्रपाली रहाटणीच्या घरी भाकरी थापत होती. करिष्मा तिची भावजय. ताथवड्याच्या सोसायटीत करिष्मा, नवरा सनी, दोन वर्षांची मिनू आणि सासरे भीमराज असे चौघं राहायचे. मेले ते भीमराजांचे मासे.

"आणि मिनू?"

"कालपासून जुलाब. महिन्यात तिसऱ्यांदा. डॉक्टर म्हणतात, पोटात घाण पाणी जातंय. घाण पाणी म्हणजे घरात एकच, तो हिरवा डबा. आज एक तर फिशटँक बाहेर जाईल, नाही तर मिनूला घेऊन मी माहेरी."

आम्रपालीने तवा उतरवला. तीन आठवड्यांपूर्वीच करिष्माने सासऱ्यांना सांगून टाकलं होतं, तुमचे हात सतत त्या पाण्यात, मिनूला घेऊ नका. तीस वर्षं कंपनीत मशीनवर उभा राहिलेला माणूस आपल्याच घरात नातीपासून चार हात लांब बसायला लागला. लेकीला ते बघवत नव्हतं.

आम्रपाली चाकणच्या एका कंपनीत कामाला होती. कारखान्याचं सांडपाणी साफ होऊन बाहेर पडण्याआधी तपासायचं, हे तिचं काम. अंदाजाने बोलणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी राग. आधी मोजा, मग तोंड उघडा. तिने तपासणीची पेटी स्कूटरला अडकवली आणि ताथवडं गाठलं.

फिशटँकची अवस्था वाईट होती. काचेवर शेवाळाचा थर, पाणी पालकाच्या सुपासारखं. उरलेले चार गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडत होते. त्यांचे पर कडेने झिजले होते.

"बाबा, उजेड किती देता?"

"लाइट बंदच आहे. खिडकीलाही पडदा लावलाय."

"खाणं?"

"अर्ध्यावर आणलं."

"पाणी कधी बदलता?"

"गुरुवारी. दुसरं कधी?" भीमराज म्हणाले. या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी भीमराजांचा रविवार गुरुवारीच यायचा. कपाट आवरणं, दाढी, मासे, सगळं गुरुवारी दुपारी. "दुकानदार म्हणाला पाणी जास्त बदला. आधी पाव बदलायचो, मग अर्धं, आता दोन तृतीयांश. पण आमू, जेवढं जास्त बदलतो तेवढं जास्त हिरवं होतंय. काय समजेनासं झालंय बघ."

आम्रपालीने फिशटँकचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. नळी गर्द निळी झाली. फॉस्फेट. अमोनियाही भरपूर. मग तिने स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तपासलं. नळी स्वच्छ.

शेवाळाला जगायला दोन गोष्टी लागतात, उजेड आणि खाद्य. उजेड बंद केला होता. खाद्य मात्र कुठून तरी भरभरून येत होतं. एवढं फॉस्फेट माशांच्या विष्ठेतून येत नाही. एवढं येतं साबणातून, धुण्याच्या पावडरीतून.

तिने भावजयीकडे पाहिलं. करिष्माला ती नजर कळली.

"मी फिशटँकमध्ये सर्फ टाकते असं म्हणायचंय तुम्हाला?"

"टाकतेस का?"

"नाही. राग येतो मला त्याचा, पण जीव आहेत ते."

"मिनू कधी कधी आजारी पडली? तारखा आहेत?"

करिष्माने मोबाइल काढला. डॉक्टरांना दाखवायला तिने सगळं लिहून ठेवलं होतं. आम्रपालीने तारखा वाचल्या. एकूण सहा, आणि सहाही शुक्रवार.

"गुरुवारी मिनू काय वेगळं खाते?"

"काही नाही. बाबा तिला दुपारी टबात बसवायचे. तासभर खेळायची, मगाने पाणी प्यायची. किती ओरडा, ऐकत नाही. म्हणून तर मी बंद केलं."

"काय बंद केलं? टब?"

"नाही, बाबांनी आंघोळ घालणं. या गुरुवारी मीच घातली."

"म्हणजे तीन आठवडे बाबांनी तिला हात लावला नाही."

"नाही."

"आणि ती पुन्हा आजारी पडली."

करिष्माने मोबाइलवरच्या तारखा पुन्हा वरून खाली वाचल्या. बाहेर भीमराज वर्तमानपत्राच्या आड बसून सगळं ऐकत होते.

दहाच्या ठोक्याला आबाजी आले. आबाजी मूळचे इथल्याच गावचे, भीमराजांबरोबर बावीस वर्षं एकाच लाइनवर. दोघांचा डबाही एकत्र. आता ते सोसायटीची पाणी कमिटी सांभाळत होते. गेटवरचा 'टँकरमुक्त सोसायटी' हा बोर्ड त्यांचाच. मेच्या उन्हाळ्यात आजूबाजूला टँकरची रांग लागलेली आणि इथे एकही नाही, म्हणून मीटिंगमध्ये शाल-श्रीफळ मिळालं होतं. पुढच्या महिन्यात चेअरमन तेच होणार, हे ठरल्यात जमा होतं.

करिष्माने चहा आणला.

"नको पोरी. ॲसिडिटी हाय." आबाजींनी पिशवीतून स्वतःची बाटली काढून दोन घोट घेतले. भीमराजांनी मान खाली घातली.

"भीमा, म्या सांगतो, ही पेटी काढून टाक. नातीपरीस मासं मोठं हायेत व्हय?"

"आबाकाका, गुरुवारी पालिकेचं पाणी येत नाही ना आपल्याकडे?" आम्रपालीने विचारलं.

"न्हाई. शुक्रवारी येतं, ते बी दुपारनंतर."

"मग गुरुवारी नळाला कुठलं पाणी असतं?"

"बोअरचं. दुसरं कुठलं?"

"टँकर?"

"बोर्ड वाचला न्हाईस का?" आबाजी हसले, बाटली पिशवीत टाकली आणि उठले.

ते गेल्यावर आम्रपाली वडिलांजवळ बसली.

"यांनी आपल्याकडचा चहा कधीपासून सोडला?"

"राहू दे ना ते."

"बाबा, सांगा."

"पाडव्यापासून. पाणीसुद्धा घेत नाही."

"फिशटँक कधी हिरवा व्हायला लागला?"

"पाडव्यानंतरच."

"तुम्ही विचारलं नाहीत त्यांना, का घेत नाही म्हणून?"

भीमराजांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "काय विचारायचं? गावात आमच्या घरचं पाणी कोणी नाकारलं तर माझा बाप कारण विचारत नव्हता. कारण माहीत असायचं. मलाही वाटलं, माहीतच आहे. आता चेअरमन होणार, मोठ्या लोकांत ऊठबस. बावीस वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लं त्याने, आमू. म्हातारपणी आठवलं असेल."

हे दोन महिने बाबांनी एकट्याने गिळलं होतं, वर नातीचाही दुरावा. ती उठली आणि पंपरूमकडे निघाली.

पंपरूमला खंडू होता, सोसायटीचा जुना पंपवाला.

"खंडूभाऊ, बोअरची मोटर दाखवता?"

"कुठनं दाखवू? मार्चातच वर काढलीय. बोअर आटला."

"मग गुरुवारी टाकी कशी भरते?"

"गुरुवारी मला सुट्टी असती ताई. आबाजींनीच लावून दिली. त्या दिशी पंप तेच बघतात."

"आणि ते पाणी तुम्ही पिता?"

"मी तर नसतोच ना. त्यांच्याकडं मात्र दर बुधवारी दोन जार चढवतो पाण्याचे. त्यांना न्हाई चालत नळाचं."

आम्रपालीने भिंतीकडे पाहिलं. सोसायटीचं सांडपाणी, म्हणजे मोरीचं, धुण्याचं, संडासचं, खालच्या प्लांटमध्ये थोडंफार साफ होऊन फ्लशला आणि बागेला जायचं. त्या पाण्याचा पाइप हिरवा. पिण्याच्या टाकीचा पाइप निळा. दोघांच्या मध्ये एक हातभर नवा पाइप होता आणि त्यावर कोरा करकरीत व्हॉल्व्ह.

"हा कधी बसवला?"

"पाडव्याच्या टायमाला. बागेसाठी म्हणाले." खंडूने जरा विचार केला. "पण शुक्रवारी सकाळी येतो तवा बाग तर कोरडीच असती."

ती तेव्हाच आरडाओरडा करू शकली असती. पण व्हॉल्व्ह बंद होता आणि त्या दिवशी नळ स्वच्छ होता. न मोजता ती बोलणार नव्हती. मिनूला तिने आठवडाभर रहाटणीला आपल्याकडे ठेवलं, करिष्माला पिण्याचं पाणी बाहेरून आणायला लावलं, आणि तिच्या कंपनीची सुट्टी शनिवार-रविवारची, म्हणून पुढच्या गुरुवारी रजा टाकली.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता मिनूला घेऊनच ती ताथवड्याला आली. भीमराजांच्या स्वयंपाकघरातला नळ उघडून तिने नळी भरली, थेंब टाकले. मग खंडूला घरून बोलावून घेतलं आणि आबाजींना निरोप धाडला.

टेबलावर दोन नळ्या होत्या. दोन्ही सारख्याच गर्द निळ्या.

"आबाकाका, ही फिशटँकची. आणि ही आत्ताच्या नळाची."

आबाजी नळ्यांकडे बघत राहिले.

"मला कोडं एवढंच होतं, की पाणी बदललं की फिशटँक सुधारायला हवा, हा बिघडतो कसा? म्हणजे घाण फिशटँकमध्ये नव्हती, बदललेल्या पाण्यात होती. पण शनिवारी नळ तपासला तर स्वच्छ. मग घाण रोज येत नाही, एका दिवशी येते. बाबा माशांचं पाणी गुरुवारी बदलतात आणि मिनू शुक्रवारी आजारी पडते. बोअर आटलाय, टँकर येत नाही, तरी गुरुवारी टाकी भरते. त्याच दिवशी बाग कोरडी आणि खंडूभाऊंना सुट्टी. बागेचं पाणी तुम्ही आमच्या नळात सोडता. शुक्रवारी ताजं पाणी आलं की शनिवारपर्यंत सगळं धुऊन जातं. कुणाच्या लक्षात येणार? लोक म्हणतात उन्हाळा आहे, पोट बिघडतंच."

"हे तुझं अंदाज हायेत."

"अंदाज नाहीत. खंडूभाऊंनी आत्ता व्हॉल्व्ह बघितलाय."

"उघडा हाय आबाजी," खंडू हळू आवाजात म्हणाला. "म्या हातानं बघितला."

आबाजींनी रुमालाने मान पुसली. "एका दिवसाचा तर प्रश्न व्हता. पाऊस लागला की बंदच करणार व्हतो. एक टँकर जरी गेटातनं आत आला असता तरी लोकांनी त्या बोर्डावरनं हसं केलं असतं माझं. आन ते पाणी साफ केल्यालंच असतं की. स्वच्छ दिसतं."

भीमराज उठले, आत गेले, नळाखाली पेला भरला आणि आणून आबाजींसमोर धरला. पाणी खरंच स्वच्छ दिसत होतं.

आबाजींचा हात पुढे आला नाही.

"आबा, दोन महिने मला वाटत होतं तुला माझी जात आठवली," भीमराज म्हणाले.

"भीमा, आईशप्पथ, तसलं मनात बी न्हाई आलं कधी."

"तेच म्हणतोय मी. ते असतं तर मी समजून घेतलं असतं. म्हटलं असतं, त्याच्या बापजाद्यांचं आहे, त्याच्यात शिरलं, त्याचा इलाज नाही. पण हे कुणी शिकवलं तुला? हे तुझं एकट्याचं आहे. माझी नात सहा वेळा आजारी पडली. माझ्या हातांमुळे पडली असं मी मानत होतो, आणि तू इथे, या खुर्चीत बसून, मला मासे काढून टाक म्हणालास. तुला ठाऊक होतं."

आबाजी खाली बसले. मग त्यांनी आम्रपालीकडे पाहिलं. तिच्या हातात मोबाइल होता. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला दोन नळ्यांचा आणि व्हॉल्व्हचा फोटो तयार होता.

"पोरी, आजचा दिस थांब. संध्याकाळी मीटिंग बोलावतो, माझ्या तोंडानं सांगतो. एवढी अब्रू राहू दे."

आम्रपालीने वडिलांकडे पाहिलं. ती ज्याच्या खांद्यावर बसून गणपती बघायला गेली होती तो हा आबाकाका. तिचा अंगठा चालेना.

भीमराजांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजायला आले होते. सुट्टीचे दिवस, खाली पार्किंगमध्ये पोरांचं क्रिकेट रंगात आलं होतं.

"आत्ता खेळून वर येतील आणि थेट नळाला तोंड लावतील," ते म्हणाले. "टाक, आमू."

तिने टाकला. खंडू व्हॉल्व्ह बंद करायला खाली धावला. आबाजी कुणाला न विचारता उठले आणि दार ओढून न घेता निघून गेले. जिन्यावरून त्यांचा फोन वाजत गेला, एकामागून एक.

करिष्मा पुढे आली. तिने मिनूला सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं. "माझं चुकलं, बाबा," ती म्हणाली.

भीमराजांनी नातीला छातीशी धरलं आणि त्यांना रडू फुटलं. मिनू परत मिळाल्याचा आनंद होताच. पण ते रडत होते बावीस वर्षांसाठी, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही.