पहिली जागा तिची

राजापेठेत करिश्माचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण तिच्या हाताला अमरावतीत मान आहे, आणि तिला तो अंमळ जास्तच प्रिय आहे. बिघाडाला कारण असतंच, हे ती गिऱ्हाइकांना दिवसातून चारदा तरी ऐकवते.

दसरा उलटल्यावर एका सकाळी भातकुलीकडची सुभद्रा तिच्याकडे आली. झेंडूच्या रिकाम्या टोपल्यात तिनं कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून आणला होता. नवरा कुंदन फुलं घेऊन बाजारात गेला होता; तो परत येईपर्यंत काम व्हावं, एवढीच तिची इच्छा.

"जुनी डिस्क दिसतच नाही, ताई. आठ महिने झाले. सारे म्हन्तात, मेली. पन तिच्यात अपेक्षाच्या मायचे फोटो हायेत. दुसरीकडं कुठंच नाहीत."

"अपेक्षा कोण?"

"पोरगी. पयलीची." सुभद्रानं डब्यावरची चादर सोडवली. "प्राजक्ता नाव होतं तिचं. दोन वर्षं झाली जाऊन. आता पोरगी म्हन्ते, मायचं तोंडच आठोत नाही मले. रोज म्हन्ते, ताई. मी काय सांगू तिले?"

सवतीच्या फोटोंसाठी दुसरी बायको अशी जीव टाकते, हे करिश्मानं प्रथमच पाहिलं. तिला ही बाई आवडली. तिनं हातातलं काम बाजूला सारलं.

आधी तिनं केबल बदलली. मग वीज देणारी वायर बदलली. डिस्क फिरत होती, हाताला तिची बारीक थरथर लागत होती. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तर झटक्यात उघडली. म्हणजे मेली नव्हती. पण सुभद्राच्या कॉम्प्युटरला जोडली की पडद्यावरच्या डिस्कांच्या यादीत तिचं नाव नाही. दीड तास असा गेला आणि करिश्माचं डोकं फिरायची वेळ आली.

"आठ महिन्यांपूर्वी काय केलं होतं याले?"

"आमचं लगन झालं तवा यायनं नवी डिस्क बसवली. पट्टीसारखी हाय, बोटाएवढी."

करिश्मानं मदरबोर्डाचं पुस्तक इंटरनेटवर शोधलं. चाळिसाव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: दुसऱ्या खाचेत पट्टी बसवल्यास पाचवं आणि सहावं सॅटा पोर्ट बंद होतं. जुन्या डिस्कची केबल पाचव्या पोर्टातच खोचलेली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि केबल पहिल्या पोर्टात खोचली. यादीत दोन्ही नावं एकाखाली एक उमटली.

"दोघींची वाट एकच होती," तिनं समजावलं. "नवी आत आली की जुनी बाहेर. आता जुनीले वेगळी वाट दिली. फक्त आता सांगा, कॉम्प्युटर कोणत्या डिस्कवर सुरू करू? दोन्हीत विंडोज आहे. पहिली जिले ठेवीन तिचंच चालेल. वेग पाहिजे तर नवीच बरी."

सुभद्राचा हात गळ्याशी गेला. पोतीत चांदीची छोटी पुतळी ओवलेली होती. मेलेल्या सवतीच्या नावानं दुसरी बायको घालते तसली.

"जुनीच ठेवा पयली. सणावाराले बी आमी आधी तिचंच ताट वाढतो, मंग माहं. उघडल्याबरोबर पोरीले माय दिसली पाहिजे."

माणसांच्या मानपानाशी मदरबोर्डाला काय देणंघेणं! करिश्मा हसली आणि तिनं जुनी डिस्क पहिली ठेवली. पडद्यावर हळूहळू एक चित्र उघडलं. फुलांच्या राशीपुढं बसून हार ओवणारी एक बाई. सुभद्रानं पदरानं डोळे पुसले आणि पडद्याला हात जोडले.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक, की करिश्माला रस्त्याकडचं शटर ओढून घ्यावं लागलं.

"ताई, आता नवी डिस्क दिसत नाही. तुमी येता काय? मी... मले इथं कोनी..."

फोन तुटला. परत लावला तर लागेना. करिश्माला आपल्या कामाची लाज वाटली. लॅपटॉप घेऊन ती स्कूटरवर भातकुलीला निघाली.

अंगणात झेंडू पसरला होता आणि त्याचा उग्र वास घरभर होता. सुभद्रा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. करिश्मा तिच्याकडे पाहून हसली. अपेक्षा कॉम्प्युटरपुढं पाठमोरी बसली होती, पडद्यावर प्राजक्ताचा व्हिडिओ चालू होता आणि पोरगी खुदुखुदू हसत होती.

कुंदन शेतातून आला. कॉम्प्युटर पाहायला आले, असं करिश्मानं सांगितलं. "बसा न, ताई. घरात बाईमानूस नाही, चहा मीच टाकतो," म्हणाला, आणि आत गेला. तो जाताना सुभद्रानं अंग चोरून वाट दिली.

भांडण झालेलं दिसतंय, असं करिश्माला वाटलं. दुसऱ्याच्या संसारात तोंड घालू नये म्हणून ती कामाला लागली.

यादीत जुनी डिस्क एकटी होती. पट्टी खाचेत घट्ट बसलेली. पोर्ट वेगळं, वाट वेगळी. आता कुणी कुणाला अडवायचं कारण नव्हतं. तिनं पुस्तकाचं ते पान पुन्हा वाचलं. त्यात जुनीमुळं नवी बंद पडते, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

कॉम्प्युटर घटकाभर बंद करून तिनं पट्टी काढली, पोरीला व्हिडिओ पुन्हा लावून दिला आणि पट्टी आपल्या लॅपटॉपला जोडली. पट्टी उघडली. आठ महिन्यांचे फोटो होते. लग्नाचा पहिलाच. मुंडावळ्या बांधलेला कुंदन दोन्ही हातांत हार धरून पुढं झुकलेला. समोर कुणीच नव्हतं.

पुढचा फोटो अपेक्षाच्या वाढदिवसाचा. पोरीच्या तोंडाशी केकचा तुकडा. तो धरणारा हात नव्हता.

फोटो पुसल्याची, जोडल्याची काही खूण दिसेना. तिनं दोनदा तपासलं. तिनं दाराकडं पाहिलं. सुभद्रा तिथंच होती.

"दोन दिवसांपासून तीनच ताटं वाढतात," सुभद्रा हळू म्हणाली. "बापाचं, पोरीचं अन् तिचं. मी बोलतो, हाका मारतो. कोनी पाहत नाही, ताई."

करिश्मानं कॉम्प्युटरचा डबा ओढला. कारण मागून शोधता येईल. तिनं जुन्या डिस्कच्या केबलला हात घातला.

"नको."

"काहून?"

"पाहा न तिच्याकडं. मी आली तेव्हापासून पोरगी कधी अशी हसली नोती." सुभद्रा पोरीच्या पाठीकडं बघत राहिली. आठ महिन्यांत पोरीनं तिला मावशीच म्हटलं होतं. आई म्हणावं, असं तिला किती वाटत होतं ते आता तिच्या तोंडावर उघडं दिसत होतं. "राहू द्या ताई तसंच."

करिश्माचा हात केबलवरच राहिला.

"एवढंच सांगा मले. मी दिसून राहिली न तुमाले?"

"हो. दिसता न." करिश्मानं केबल सोडली. "चांगल्या दिसता."

व्हिडिओ थांबला. अपेक्षानं खुर्ची वळवली. दाराकडं पाहिलं, मग करिश्माकडं.

"ताई, कोनासंग बोलून राहिल्या तुमी?"

करिश्मानं दाराकडं बोट केलं. तिथं उभ्या असलेल्या बाईचं नाव सांगायला तोंड उघडलं.

नाव तिला आठवेना.