नदीकाठच्या चौकीवरची गोळी

गोळीचा आवाज ऐकून सार्जंट रड चिखल तुडवत चौकीवर पोचला, तेव्हा जोथम वेल्ड शेकोटीशी बसला होता. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून उडाली होती. थोरला भाऊ ईनॉक फडक्यानं हात बांधत होता. तिसरा पहारेकरी, टोबायस क्रील, झाडीतून विजार सावरत धावत आला.

"पलीकडून मारली," ईनॉक म्हणाला. "बंडखोरांनी."

रडनं नदीपलीकडे पाहिलं. मग जखमेकडे. कातडीत बारुदीचे काळे कण रुतले होते. नदी ओलांडून आलेली गोळी असले कण आणत नाही. बंदूक अगदी जवळून झाडलेली होती.

रडनं आणि क्रीलनं जोथमला उचलून डॉक्टरकडे नेलं. ईनॉक चौकीवर एकटा थांबला.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेच्या व्हर्जिनियातल्या त्या छावणीत दुसरा हिवाळा सरत आला होता. पुढे नदी, मागे पहारे, मध्ये गुडघाभर चिखल. रजा बंद होत्या. पळणाऱ्याला गोळी होती. चोवीस वर्षांचा जोथम महिनाभर जेमतेम दोन घास खाऊन जगत होता. घरी, व्हर्माँटमध्ये, आता मेपलच्या झाडांना रस सुटला असेल, एवढंच बोलायचा. घरच्या ध्यासानं खंगून छावणीतले दोघे गेले होते. डॉक्टर म्हणायचा, "या दुखण्यावर सुट्टी देता येत नाही."

दुपारी कॅप्टन पेलहॅमनं रडला बोलावलं.

"पोरगा कबूल झाला. घरी जायला स्वतःच बोट उडवलं म्हणतो. आता घर विसर म्हणावं. साखळदंड घालून तुरुंगात पाठवतो."

"कुठल्या बंदुकीनं उडवलं म्हणाला?"

"स्वतःच्या. आणखी कुणाच्या?"

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या, साहेब."

रड चौकीवर परतला. जोथमची बंदूक झाडाला टेकलेली होती. नळीच्या तोंडातलं लाकडी बूच पावसानं फुगून घट्ट बसलं होतं. ते काढताना रडला चाकू वापरावा लागला. आत गोळी भरलेली होती, नळीला गंज.

क्रीलची नळी काळीकुट्ट होती. वासही येत होता.

"ही कधी झाडलीस?"

"काल. डुक्कर दिसलं होतं. नेम चुकला. कॅप्टनला नका सांगू."

"जोथमला 'आईचं लेकरू' म्हणून तूच चिडवायचास ना?"

"चिडवायचो. म्हणून त्याचं बोट उडवीन होय? रात्री मीही घरचीच स्वप्नं बघतो, सार्जंट. फक्त बोलत नाही." क्रील थुंकला. "आणि माणुसकीचं म्हणाल, तर त्याला पोचवून आलो तेव्हा कॉफीचं भांडं रिकामं. जाताना काठोकाठ उकळत होतं. घोटभरही ठेवली नाही त्या ईनॉकनं."

ईनॉक लाकडं आणायला गेला होता. रडनं त्याची बंदूक उचलली. गोळी भरलेली. नळी आरशासारखी लख्ख. शेकोटीपलीकडच्या चिखलात एक काळपट डाग होता. रडनं वाकून वास घेतला.

संध्याकाळी कॅप्टनच्या खोपीत दोन्ही भाऊ समोरासमोर आले. जोथमच्या कबुलीबद्दल ईनॉकला काहीच ठाऊक नव्हतं. ती ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"जोथम खोटं बोलतोय," रड म्हणाला. "त्याच्या बंदुकीचं बूच कित्येक दिवसांत निघालेलं नाही. आणि झाडून पुन्हा भरली म्हणावं, तर बोट तुटल्या हातानं काडतूस फोडून ते गजानं नळीत ठासता येत नाही."

"मग क्रील?" कॅप्टननं विचारलं.

"त्याची नळी घाण आहे. ज्यानं हे केलं, तो बंदूक घाण ठेवणार नाही. या चिखलात अख्ख्या छावणीत एकच नळी लख्ख आहे. आम्ही जोथमला घेऊन गेलो, तेव्हा कुणीतरी भांडंभर उकळती कॉफी नळीत ओतून ती धुतली. चिखलातल्या डागाला कॉफीचाही वास आहे आणि बारुदीचाही. मागे एकटा कोण होतं, ईनॉक?"

"मीच मारली साहेब, मीच!" जोथम ओरडला. "त्याला यात ओढू नका."

"गप बस, येड्या," ईनॉक हळूच म्हणाला. "तुला वाचवायला मारली, आणि तू तुरुंगात निघालास?" तो कॅप्टनकडे वळला. "शेकोटीशी डुलक्या घेत होता. हात ओंडक्यावर पडला होता. नुसती हाडं, साहेब. पलीकडून गोळी आली असं सगळ्यांना वाटेल, चाप ओढायचं बोट नसलेल्याला घरी धाडतील, एवढाच माझा हिशेब."

"तुला ठाऊक होतं?" रडनं जोथमला विचारलं.

"डोळे उघडले, तर हाच रडत उभा होता बंदूक घेऊन."

मग कॅप्टननं पहारेकऱ्यांना हाक मारली. त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती, आणि रडपुढेही नव्हती.

दोन आठवड्यांनी जखमींच्या गाडीत जोथमला चढवलं. रड निरोपाला गेला.

"ईनॉकला सांगा," जोथम म्हणाला, "मी मागितलं नव्हतं. आता आईला काय तोंड दाखवू? जन्मात माफ करणार नाही त्याला."

कोठडीच्या गजांशी उभं राहून रडनं निरोप जसाच्या तसा सांगितला. ईनॉकनं मान खाली घालून ऐकला.

"जन्मात म्हणाला?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग जगायचं ठरवलंय त्यानं," ईनॉक म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.