वीस डोकी आणि एक गळकी छत्री

प्रेम अनंत असतं, असीम असतं, कुठल्याही नियमात मावत नाही. या गोष्टीतल्या प्रेमाला मात्र किमान वीस डोकी लागली.

शाळा अर्ध्यावर सोडलेल्यांना पुन्हा अभ्यासाला लावणाऱ्या एका वर्गाला सरकारी अनुदान होतं. तपासणीत विसातलं एक डोकं जरी कमी भरलं, तरी अनुदान बंद. म्हणजे वर्गच बंद. तपासणीचा कारकून दारात आला तेव्हा आत बाकं होती वीस, विद्यार्थी तीन आणि कोपरापर्यंत खडूने माखलेल्या एक तरुण बाई. कारकुनाने चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. विद्यार्थी तीनच होते, पण त्याने पाहिलं बाईंकडे.

"बाकीचे?"

"कामावर. त्यांना येता येत नाही, म्हणून वर्गच त्यांच्याकडे जातो. चला, दाखवते. छत्री आणलीत?"

"नाही..."

"माझी एकच आहे. एका बाजूने गळते."

"कुठल्या?"

"तुमच्या."

गॅरेजमध्ये पान्यांच्या मापांवरून अपूर्णांक चालले होते. गाडीखालून एक डोकं बाहेर आलं.

"ताई, हे कोण? भावजी का?"

"तपासणीवाले आहेत. नीट बोल."

"बरं. भावजी, बसा ना."

कारकुनाने यादीत त्या डोक्यापुढे खूण केली. वाटेत त्याच्या डाव्या खांद्यावर पाणी टपकत होतं. त्याने छत्रीबाहेर सरकायचं नाव काढलं नाही. सलून, बेकरी, इस्त्रीचं दुकान... खुणा भरल्या एकोणीस.

"अजून एक?"

"तो गेल्या आठवड्यात काम शोधायला दुसरीकडे गेला." बाईंनी छत्री सावरली. "कुणालाही उभं करता आलं असतं मला. पण मग उद्या या पोरांसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?"

वर्गात परतल्यावर कारकुनाने कागदावरच्या अटी पुन्हा वाचल्या.

"वयाची अट पंचवीसपर्यंतची ना?"

"तुमच्याच कागदावर आहे."

"मी चोवीसचा आहे. वडील गेले, त्यांच्या जागी लागलो. दहावीचं गणित... राहूनच गेलं."

"अहो, पण तपासणारेच तुम्ही!"

"हा कागद मी परत करतो, कारण लिहून. उद्या तपासणीला साहेब येतील. मला प्रवेशाचा अर्ज द्या."

अर्जात शेवटचा रकाना होता— पुन्हा का शिकावंसं वाटलं? त्याने लिहिलं, 'बाई'. खोडलं. पुढे लिहिलं, 'गणित'.

"खोडलेलं वाचता येतंय," बाई हळूच म्हणाल्या.

"यावं म्हणूनच... एकच रेघ मारली."

बाईंनी खडू उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"परीक्षेपर्यंत मी बाई, तुम्ही विद्यार्थी."

"आणि नंतर?"

"आधी पास तर व्हा."

दुसऱ्या दिवशी साहेब गळक्या छत्रीखाली गावभर फिरले, शेवटी वर्गात आले आणि मागच्या बाकापाशी थबकले.

"तू?"

"हजर, साहेब. रजा टाकलीय."

साहेबांनी अर्ज वाचला, खोडलेल्या शब्दासकट. मग बाईंकडे पाहिलं. मग विसावी खूण करून सही ठोकली आणि डावा खांदा पिळत निघून गेले.

बाई फळ्याकडून वळल्या. नजरा भेटल्या. त्या ओल्या शांततेत कारकुनाने सावकाश हात वर केला. पुढच्या बाकांवरच्या तिन्ही माना वळल्या. बाईंच्या हातातला खडू मोडला.

"बोला..."

"बाई, पाणी पिऊन येऊ?"