झडपेपाशी ठेवलेले बूट

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४. रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं. समुद्राकाठच्या फ्रीसलंड प्रांतातलं आल्डेहॉर्न गाव, कालव्याच्या कडेचं शेवटचं घर. घरमालक गेरलॉफ नाऊता.

डाउवे ही हकीकत नेहमी अशीच सुरू करतो. आधी तारीख, मग वेळ, मग घर. हार्लिंगन बंदरात शिंपल्यांचे ढीग पडतात तिथे मजुरांची चहा-कॉफीची खोली आहे. नवी माणसं पहिल्यांदा घराखाली उतरायची असली, की आदल्या संध्याकाळी डाउवे त्यांना तिथे बसवतो. चौतीस वर्षं त्याने हेच काम केलं. घराच्या लाकडी जमिनीखाली हात-दीड हात उंचीची पोकळी असते, जमिनीतलं झाकण म्हणजे झडप काढून उतरता येणारी. तिच्यात समुद्रातले शिंपले नळीने फुंकून भरायचे, म्हणजे खालची ओल आणि गारठा वर येत नाही आणि हिवाळ्यात गॅस कमी जळतो. काम साधं. उतरणाऱ्याला मात्र जीव मुठीत धरून पोटावर सरपटावं लागतं.

"भुताची गोष्ट आहे ना, डाउवेकाका?" एका संध्याकाळी यिल्डाऊ नावाच्या नव्या मुलीने विचारलं. "मागच्या तुकडीने सांगितलं आम्हाला."

"मागच्या तुकडीने नियम सांगितला का?"

"बुटांचा?"

"म्हण."

"उतरण्याआधी बूट काढून झडपेपाशी ठेवायचे, टोकं झडपेकडे. म्हणजे आत माणूस आहे. वर आलं की आपल्याच हाताने फिरवायचे, टोकं दाराकडे. दुसऱ्याच्या बुटांना हात लावायचा नाही."

"पाठ आहे," डाउवे म्हणाला. "आता का ते ऐक. हे माझ्यासोबत बावीस वर्षं नळी धरलेल्या वीब्रनच्या बाबतीत घडलंय. त्याच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो."

वीब्रनला फोन आला तेव्हा तो झोपायच्या तयारीत होता. फोन गेरलॉफचा, त्याच्या मालकाचा. एका कागदावर सही हवी होती. उद्या सकाळी नऊला चौकशी होती, त्याआधी हवी होती. वीब्रनने स्वेटर चढवला आणि सायकल काढली. अंतर दहा मिनिटांचं. वारा नव्हता. कालव्यावर धुकं होतं.

चौकशी होती स्टोयानची. स्टोयान बल्गेरियातून, विदिनजवळच्या एका खेड्यातून आलेला. डाव्या गुडघ्याने अधू, तरी पोकळीत त्याच्याइतका चपळ कोणी नव्हता. बुटाची एक नाडी तुटली तेव्हा त्याने शिंपल्यांच्या पोत्याची निळी दोरी कापून ओवली होती. नवी नाडी घे म्हटलं तर म्हणायचा, "ही माझ्यानंतरही टिकेल."

१५ मार्चला, शुक्रवारी दुपारी साडेतीनला, एका चाळवजा रांगेतल्या नवव्या घराखाली तो पाइप झाकायला उतरला होता. या कामासाठीच्या सरकारी मदतीची मुदत त्या महिन्याअखेर संपत होती आणि गेरलॉफने दोन घरं जास्तीची अंगावर घेतली होती. बूट झडपेपाशी होते. टोकं झडपेकडे. गेरलॉफ आला. बुटांकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. बूट उचलून गाडीत टाकले आणि शिंपले फुंकणाऱ्या ट्रकपाशी उभ्या वीब्रनला हात केला. "रिकामं आहे. सोड."

वीब्रनने सोडलं.

शिंपले उडून बाहेर येऊ नयेत म्हणून पायाच्या भिंतीतल्या हवेच्या जाळ्यांवर बाहेरून पत्रे लावतात. ते पत्रेही वीब्रननेच लावले होते. यंत्राच्या आवाजात खालून कोणी ठोकलं तर ऐकू येत नाही. शिंपल्यांचा ढीग आधी झडपेपाशी लागतो, मग पुढे सरकतो. स्टोयान सापडला तो पलीकडच्या जाळीशी. बोटं जाळीत होती.

गेरलॉफने लिहून दिलं की बूट गाडीतच होते, त्याअर्थी माणूस नियम मोडून उतरला. खाली वीब्रनची सही. तपासणी करणाऱ्या साहेबांनी बसल्या जागी एक वाक्य लिहिलं: 'कामगार स्वतःच्या जबाबदारीवर उतरला होता.' एका वाक्यात मेलेलाही तोच आणि गुन्हेगारही तोच. त्याच्या बायकोची, राडकाची, भरपाई त्या वाक्याने अडली. तिला शव मिळालं आणि पिशवीत घातलेले बूट. तरी ती गप्प बसली नाही. आठ महिने तिने पत्रं लिहिली, तेव्हा कुठे फेरचौकशी लागली. आता सगळं वीब्रनच्या दुसऱ्या सहीवर होतं.

"वीब्रनने बूट उचलताना पाहिले होते?" यिल्डाऊने विचारलं.

"पाहिले होते."

"आणि तरी?"

"मालकाने सांगितलं, रिकामं आहे. वीब्रनने डोकं चालवलं नाही. नंतर चालवलं, तेव्हा स्वतःच्या नोकरीसाठी चालवलं." डाउवेने कॉफीचा पेला बाजूला सारला. "तोंड वाकडं करू नकोस, पोरी. उद्या तुझ्यावरही ओरडणारा मालक असेल."

गेरलॉफने दार उघडलं तेव्हा त्याच्या पायांत बूट होते. ओट्यापलीकडे कधी बूट न येऊ देणाऱ्या घरात, रात्री अकराला, कामाचे बूट. बायको घरात नव्हती.

"चित्स्के बहिणीकडे गेलीय," तो म्हणाला. "झोप लागत नाही म्हणते इथे. बस."

टेबलावर कागद, पेन, कॉफी. डब्यातून एक बिस्किट काढून त्याने वीब्रनपुढे ठेवलं आणि झाकण लावलं.

"खोट्या सहीला एकच बिस्किट?" वीब्रन म्हणाला.

"पहिल्या वेळी तेही नव्हतं. सही कर आणि घरी जा."

वीब्रनने पेन उचललं. तेवढ्यात जमिनीखाली आवाज झाला.

कर्र... कर्र... आणि फरफट.

गेरलॉफच्या घराखालीही शिंपले होते, वीतभर थर, सहा वर्षांपूर्वी वीब्रननेच फुंकलेले. त्यांच्यावरून काहीतरी सरकत होतं.

"मांजर," गेरलॉफ म्हणाला. "तीन आठवडे झाले. जाळीतून शिरतं."

"जाळ्या धड आहेत?"

"तू सही कर."

कर्र. कर्र. फरफट. उजवं कोपर, डावं कोपर, मग ओढलेला गुडघा. वीब्रनने ती चाल चार वर्षं रोज ऐकली होती. त्याने पेन खाली ठेवलं.

"गेरलॉफ, हा डावा गुडघा ओढतोय."

"मांजराला गुडघे असतात, वीब्रन."

आवाज टेबलाखाली आला. थांबला. बरोबर वीब्रनच्या पायांखाली फळीवर तीन वेळा ठोकलं गेलं. सावकाश. सारख्या अंतराने. खालून तीन ठोके म्हणजे माणूस आत आहे, थांबा. हे मांजर शिकत नाही.

वीब्रनने पाय मागे घेतले.

मग गेरलॉफचा चेहरा लाल झाला. तो घाबरला की चिडायचा, जन्मभराची सवय. "मेला तरी कामावर येतोय," तो म्हणाला. "आज याचा निकालच लावतो." ओसरीत जाऊन त्याने पायपुसणं सरकवलं. झडपेवर बागेतल्या सहा फरश्या रचून ठेवल्या होत्या.

"मांजरासाठी सहा फरश्या?" वीब्रनने विचारलं.

एकेक फरशी उचलून गेरलॉफने बाजूला ठेवली, झडप काढली, डोक्याला दिवा बांधला, हातात लोखंडी पहार घेतली. आणि तीस वर्षांच्या सवयीने त्याने बूट काढले. पायपुसण्यावर नीट जोडून ठेवले. टोकं झडपेकडे.

"लक्ष ठेव त्यांच्यावर," तो म्हणाला आणि उतरला.

त्याचा आवाज दूर जाऊ लागला. कर्र, कर्र, कर्र. जड माणूस, घाईत.

"कोपऱ्यात काही नाही," खालून आवाज आला. "पाइपापाशीही काही नाही."

"वर ये मग."

"जाळी बघतो."

कर्र. कर्र. मग गेरलॉफ थांबला असावा. पण सरकण्याचा आवाज थांबला नाही.

फरफट.

"वीब्रन?"

"हं."

"झडप उघडी आहे ना?"

वीब्रनने पाहिलं. उघडी होती. ओसरीतला दिवा सरळ आत पडत होता.

"सताड उघडी आहे."

"मग उजेड का दिसत नाही..."

"मागे वळ. माझ्या आवाजाकडे ये."

"वळलोय. इथे जाळीवर पत्रा आहे. पत्रा कोणी लावला? वीब्रन, तू..."

शब्द तुटला. खाली सळसळ सुरू झाली. वीब्रन त्या आवाजावर जगला होता. नळीतून शिंपले सुटतात तेव्हाचा आवाज. पण नळी नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, झडपेत वाकला. शिंपले वर येत होते. उतू जाणाऱ्या दुधासारखे. पांढरे. ओले. समुद्राचा वास आला. विकायचे शिंपले धुऊन वाळवलेले असतात, त्यांना वास नसतो.

त्याने दोन्ही हातांनी ते उपसायला सुरुवात केली. उपसले तेवढे पुन्हा भरले.

खालून ठोके आले. तीन.

मग पुन्हा तीन. घाईत.

"यंत्र!" वीब्रन ओरडला आणि मागच्या अंगणात धावला. ट्रक तिथेच उभा असायचा. होता. त्याने यंत्रावर हात ठेवला. थंडगार. टाकी रिकामी. नळी गुंडाळून टांगलेली. तिच्यावर दंव.

तो परत आला.

ओसरीत शांतता होती. झडप बसलेली होती. तिच्यावर पायपुसणं. सरळ, कोपऱ्याला कोपरा. एक शिंपला बाहेर सांडलेला नव्हता.

आणि बूट नव्हते.

वीब्रनने झडप ओढली. ती हलली नाही. शिंपले खालून तिला टेकले होते. तो जमिनीवर पालथा पडला, फळीला कान लावला.

एक ठोका.

...

दुसरा आला नाही.

मग कोणीतरी सरकलं. कर्र. कर्र. फरफट. अजिबात घाई नव्हती. आवाज झडपेच्या दिशेने आला, वीब्रनच्या कानाखालून गेला आणि थांबला.

त्याने मदतीला फोन केला तेव्हा अकरा बावन्न झाले होते.

अग्निशमन दल बारा वीसला पोचलं. त्यांची एक पद्धत आहे, कशालाही हात लावण्याआधी फोटो काढायचे. ओसरीचा फोटो आहे. पायपुसणं मोकळं आहे. मग त्यांनी बैठकीच्या खोलीतल्या फळ्या उचकटल्या. पोकळी काठोकाठ भरली होती. साडेचारला गेरलॉफ सापडला. पलीकडच्या जाळीशी. मोज्यांवर. बोटं जाळीत होती. त्याचे बूट त्याच्याच गाडीत निघाले, मागच्या फळीवर, जिथे मार्चमध्ये दुसरे बूट टाकले होते तिथेच. गाडीला कुलूप होतं आणि किल्ली गेरलॉफच्या खिशात, शिंपल्यांखाली.

"पोलिसांनी वीब्रनला पकडलं असेल," यिल्डाऊ म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

"चार तास बसवलं. किती ट्रक शिंपले होते मोजलं. अडीच. अडीच ट्रक शिंपले एकटा माणूस चाळीस मिनिटांत, बंद यंत्राने, कसे भरेल ते त्यांनाही सांगता येईना. सोडून दिलं. नऊला तो तसाच, मळक्या कपड्यांत, चौकशीला गेला. त्याच साहेबांपुढे उभा राहिला. म्हणाला, बूट झडपेपाशी होते, टोकं झडपेकडे. गेरलॉफने उचलले. मी पाहिलं, आणि मी यंत्र सोडलं. लिहा."

"लिहिलं?"

"लिहावं लागलं. राडकाला भरपाई मिळाली. वीब्रनला शिक्षा झाली, त्याने वकीलही घेतला नाही. आणि गेरलॉफच्या कागदांवर त्या साहेबांनी काय लिहिलं ठाऊक आहे? बूट गाडीत होते ना. 'स्वतःच्या जबाबदारीवर उतरला होता.' तेच वाक्य. साहेबांकडे दुसरं वाक्यच नव्हतं."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बाहेर बंदरात ढिगावरून थोडे शिंपले घसरले. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. डाउवेने पाहिलं नाही.

"अजून एक," तो म्हणाला. "सकाळी सव्वासहाला दलाची माणसं निघाली. निघतानाही फोटो काढतात. ओसरीचा तो फोटो आहे. रात्रभर दारात पोलीस उभा होता, आत-बाहेर गेलेल्या प्रत्येकाचं नाव त्याच्या वहीत आहे. त्या फोटोत पायपुसण्यावर बुटांची जोडी आहे. जुनी. तळव्यांना काळी माती, आपल्याकडे असते तशी राखाडी नव्हे. डाव्या बुटाला नाडीच्या जागी निळी दोरी. टाचा झडपेकडे. टोकं दाराकडे."

"म्हणजे वर आला," यिल्डाऊ पुटपुटली. नियम तिला पाठ होता.

पोलिसांनी राडकाला फोन केला होता. तिने सांगितलं, ते बूट मी माझ्या हाताने त्याच्या पायांत घातले. निळी दोरी मी बांधली. चार एप्रिलला तो त्यांच्यासकट मातीत गेला, अख्ख्या गावाने पाहिलं.

तिच्याच सांगण्यावरून बल्गेरियातल्या त्या खेड्यातल्या लोकांनी कबर पाहिली. माती कोणी उकरलेली नव्हती.

ते बूट जिल्ह्याच्या पोलीस ठाण्यात एका फळीवर ठेवले आहेत. त्यांना बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख आहे, वेळ आहे, घराचा पत्ता आहे. कोणी आणून ठेवले, ती जागा अजून कोरी आहे.