वगळण्याचे कारण

“मॅडम, यात काहीच वाजत नाही.”

हेडफोन कानावर तसेच ठेवून तो म्हणाला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तो तीन दिवस बसून होता. आत त्याचे वडील होते.

“काहींना संगीत, काहींना नुसती शांतता. चिठ्ठी टाकून ठरतं,” मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. संगीतानं ताण उतरतो का, हे मी रुग्णांच्या नातेवाइकांवर तपासत होते. रोज वीस मिनिटं हेडफोन. आधी आणि नंतर नळीत थोडी लाळ. ताण किती ते तिच्यातून मोजता येतं.

“म्हणजे चिठ्ठीतही माझं नशीब मुकंच!” त्यानं नळी उचलली. “बरं… थुंकू?”

मला हसू फुटलं. त्या बाकांवर हसणं वाईट दिसतं, म्हणून मी खाली मान घातली.

वीस मिनिटांत सहभागी माणसाशी बोलायचं नाही, हा नियम मीच लिहिलेला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “शांतता एकट्यानं ऐकवत नाही हो…” आणि मी शेजारी बसले.

“बाबा रेडिओ दुरुस्त करतात,” तो सांगत होता. “बंद रेडिओ कानाला लावतात आणि म्हणतात, जीव आहे यात.” त्यानं काचेपलीकडे पाहिलं. “आता मी डॉक्टरांच्या तोंडून तेवढंच ऐकायला बसलोय.”

आठ दिवस आम्ही असेच बसलो. नवव्या दिवशी बाक रिकामा होता. आतली खाटही.

प्रयोगशाळेचे आकडे आले. माझे मार्गदर्शक सर चक्रावले. “शांततेच्या गटातल्या या एकाचा ताण सगळ्यांहून जास्त उतरलाय. मधे काही घडलं होतं?”

गप्प राहिले असते तर वर्षाचं काम वाचलं असतं. मी म्हटलं, “मी बोलत होते, सर.”

“मग तुमच्या बाकी नोंदींवर तरी विश्वास कसा ठेवायचा?”

सगळं पुन्हा पहिल्यापासून.

महिन्यानं तो माझ्या खोलीच्या दारात उभा. वडील गेले त्या गडबडीत घरी गेलेले हेडफोन परत करायला. फार वाळला होता.

“माझी थुंकी कामी आली का?”

मी त्याचा कागद पुढे सरकवला. ‘वगळण्याचे कारण : संशोधक शेजारी बसली.’

त्यानं तो दोनदा वाचला. मग मुके हेडफोन कानाला लावले. त्याचे डोळे भरून आले.

“जीव आहे यात,” तो म्हणाला. “…मला वगळलंय ना? म्हणजे आता बोललेलं चालेल?”

मी शेजारची खुर्ची ओढली. वीस मिनिटांचं घड्याळ लावलं नाही.