टीगन पर्टलच्या रक्ताचं दुसरं पान

घोड्यांच्या शर्यतींच्या मंडळात खुर्च्यांवर बसलेल्यांनो, आधी तुमच्याशीच बोलतो. टीगन पर्टल चोरून गोळ्या खाते, असं तुम्ही पेपरात छापून आणलंत. तिला एक शब्द विचारायच्या आधी. तिचं रक्त तुम्हाला वाचता येत नव्हतं, तर गप्प बसायचं होतं. पण तुमच्यातल्या एकाला ते येत होतं, आणि वाचूनही तो गप्प बसला. गुन्हा तो. गोष्ट आहे ती तो कसा सापडला याची.

मंगळवारी सकाळी सात वाजता कुराबिनच्या सरकारी दवाखान्यात रक्त काढायच्या खोलीचं दार कोणीतरी लाथेने उघडलं.

"नोल, तूच काढलं होतंस ना माझं रक्त? मग आता सांग, त्यात काय घातलंस!"

नोलीन स्केरिटने सुई खाली ठेवली. वय अठ्ठावन्न. तीस वर्षं तिने याच खोलीत गावाच्या नसा शोधल्या होत्या. समोर उभी असलेली टीगन सव्वीस वर्षांची, क्वीन्सलँडच्या या भागातली सगळ्यात तेज जॉकी. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"दार आधी लाव. शिव्या नंतर दे. काय झालं ते नीट सांग."

"शुक्रवारी सुनावणी आहे. तोवर शर्यतीला बंदी, कार्ड जमा. लायसन्स चार वर्षांसाठी काढून घेणार. चार वर्षांनी मी तीस वर्षांची असेन. तेव्हा मला गाढवावर तरी कोणी बसवेल का?"

तिने एक कागद आपटला. दरवर्षी जॉकींची तपासणी होते, तिचा अहवाल. रक्त सोमवारी, दोन तारखेला नोलीननेच काढलं होतं. बुधवारी चार तारखेला अहवाल शहरातल्या प्रयोगशाळेतून थेट मंडळाचे डॉक्टर जेरार्ड पॅस्को यांच्याकडे गेला होता. गुरुवारी पेपरात बातमी.

नोलीनने चष्मा लावला.

टीएसएच जवळजवळ शून्य. थायरॉइडचं हार्मोन दुपटीच्या वर. पुरुषी हार्मोन चौपट. ड जीवनसत्त्व तर छताला लागलेलं.

"पॅस्को काय म्हणतो?"

"म्हणतो, वजन उतरवायला थायरॉइडच्या गोळ्या आणि ताकदीला पुरुषी हार्मोन. टीएसएच म्हणजे मेंदूने थायरॉइडला मारलेली टाच, म्हणे. घोडा उधळला की स्वार टाच मारायचं सोडतो. हार्मोन वर, टीएसएच खाली. जोडी बरोबर जुळते, म्हणून खोटं असूच शकत नाही. मला घोड्यावरून शिकवतो, हरामखोर!"

"तू काय घेतेस?"

"काही नाही."

"व्हिटॅमिनची गोळी? बारीक व्हायचा काढा?"

"काही म्हणजे काहीच नाही. तू पण तेच विचारणार का?"

"मनगट दे इकडे."

मिनिटाला बावन्न ठोके. थायरॉइड उधळलेल्या माणसाची नाडी शंभरी गाठते, हात थरथरतात. टीगनचा हात खांबासारखा स्थिर होता.

"वजन?"

"दोन वर्षं तेच. पन्नास किलो."

"उन्हात हिंडतेस?"

"मी? बाबा कातडीच्या कॅन्सरने गेले तेव्हापासून मनगटापर्यंत बाह्या. नाकावर पांढरा लेप असतो, त्यावरून पोरं मला विदूषक म्हणतात."

मग ड जीवनसत्त्व आलं कुठून? त्यात लपवाछपवीचा काय फायदा? ते वाढवून कोणी शर्यत जिंकत नाही.

"बातमी आल्यावर कुठे होतीस?"

"आईकडे, समुद्रावर. चार दिवस. काल परत येताना शहरातल्या प्रयोगशाळेतच दुसरं रक्त दिलं. संध्याकाळपर्यंत ते स्वच्छ आलं. सगळं ठीक. तर पॅस्को म्हणतो, सापडली म्हणून गोळ्या बंद केल्या."

नोलीनने कागद उलटला. मागची बाजू कोरी. पुन्हा सरळ केला. अगदी खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: पान १/२.

"हे एवढंच दिलं तुला?"

"एवढंच. का?"

"काही नाही. कागद माझ्याकडे राहू दे."

बुधवारी ती मर्व्ह डगनच्या पागेवर गेली. टीगन रोज सकाळी मर्व्हचे घोडे दौडवत असे. मर्व्ह सत्तरीचा, तोंडाने फाटका. खरारा हातात घेऊन तो एका तांबड्या घोडीच्या पाठीशी उभा होता.

"आलीस? तू पण विचार. मीच पोरीला काहीतरी चारतो, असं सगळं गाव म्हणतंय."

"चारतोस का?"

"चारायचं असतं तर आधी माझ्या घोड्यांना नसतं चारलं? गेल्या मोसमात एक शर्यत जिंकलो, बाई. एक!"

"गाव उगाच का म्हणेल?"

मर्व्हचा खरारा थांबला. "रोवेना. तीन वर्षांपूर्वी तिलाही असंच काढलं. तीही माझ्याच पागेतली. तेच आकडे आणि तोच डॉक्टर. पोरगी आता द्राक्षाच्या मळ्यात कामाला जाते. दोन पोरी, पागा एक. लोकांना हिशोब कळतो."

हिशोब नोलीनलाही कळत होता. एकाच पागेतल्या दोघी. म्हणजे जे काही होतं ते इथेच होतं.

"मर्व्ह, घोड्यांच्या चंदीची खोली दाखव."

"कुलूप असतं तिला. मोतद्दार असो की जॉकी, चंदीतलं काही तोंडात घालताना दिसला तर मी त्याच दिवशी हाकलतो. मंडळाचे लोक डबे हुंगत फिरतात. मला लफडं नको."

सव्वानऊला कामाची सुट्टी झाली. पत्र्याखाली किटली उकळली. टीगनने दोन कप चहा केला, दोन्हींत बाटलीतलं दूध ओतलं. मग फळीवरच्या आइस्क्रीमच्या जुन्या डब्यातून चमचाभर पांढरी भुकटी आपल्या कपात ढवळली. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. तिने ते अंगठ्याच्या नखाने उचकटलं. नख वाकलंसुद्धा नाही.

शेजारी घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसलेला नालबंद हसला. "हिचे खूर बघ, नोल. नाल ठोकायला हरकत नाही."

"तुझ्या टाळक्यात ठोक," टीगन म्हणाली.

नोलीन चहा प्यायली आणि निघाली. फाटकाशी पोचली आणि थबकली.

चहात दूध तर आधीच होतं. मग ती भुकटी कसली?

ती परत आली. मर्व्ह बाहेर जाईपर्यंत थांबली, मग फळीवरचा डबा उतरवून टीगनच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय आहे?"

टीगनने डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"पोरी, चार वर्षं जाणार आहेत. हे काय आहे?"

"खुराची पावडर," टीगन जमिनीकडे बघत म्हणाली. "घोड्यांना देतात, खूर चिरू नयेत म्हणून. मर्व्हची म्हातारी आई चहात घ्यायची. केस दाट होतात, नखं मोडत नाहीत. तिने सगळ्या पोरींना शिकवलं. म्हातारी गेली, सवय राहिली. मर्व्हला ठाऊक नाही. कळलं तर हाकलेल."

"मी विचारलं तेव्हा काही घेत नाही म्हणालीस."

"औषध विचारलंस तू! हे औषध आहे का? आणि मंडळापुढे काय सांगू, मी घोड्याचं खाते?"

"रोवेना घ्यायची?"

"सगळ्याच घ्यायच्या."

चंदीच्या खोलीच्या दाराशी रिकामं पोतं पडलं होतं. नोलीनने त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि दवाखान्यात जाऊन टीगनला शेजारी बसवून शहरातल्या प्रयोगशाळेला फोन लावला. अहवाल टीगनचा, विचारायचा हक्कही तिचाच. फोन अर्धा तास चालला. ठेवला तेव्हा टीगनचे ओठ पांढरे पडले होते.

गुरुवारी सकाळी नोलीनने स्वतःच्या दंडातून एक नळी रक्त काढलं. मग चहात चमचाभर पावडर ढवळून प्यायली, दोन तास थांबली आणि दुसरी नळी काढली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तातडीच्या तपासणीसाठी सही केली, नळ्या लगेच शहरात गेल्या. कारण विचारलं नाही.

शुक्रवारी दहा वाजता रेसकोर्सवरच्या खोलीत पंच बसले होते. मधोमध अध्यक्ष. त्यांच्या उजव्या हाताला डॉक्टर पॅस्को, इस्त्रीचा शर्ट, समोर जाड फाइल. मागच्या बाकावर मर्व्ह. टीगनच्या शेजारी नोलीन.

"तुम्ही डॉक्टर आहात?" पॅस्कोने विचारलं.

"नाही. मी सुया टोचते."

"मग इथे काय काम?"

"टोचायचंच."

अध्यक्षांनी टेबलावर बोट आपटलं. "मुद्द्यावर या."

नोलीनने दोन कागद पुढे सरकवले. "हे दोन्ही अहवाल एकाच बाईचे, एकाच दिवशीचे, दोन तासांच्या अंतराने. डॉक्टर, वाचा."

पॅस्कोने वाचलं. "पहिला सामान्य आहे. दुसऱ्यात टीएसएच शून्याजवळ, थायरॉइड वर, पुरुषी हार्मोन वर. ही बाई गोळ्या खाते."

"नक्की?"

"शंभर टक्के."

"ती बाई मी. अठ्ठावन्न वर्षांची, तीन नातवंडांची आजी. दोन तासांत मला मिशा फुटायला हव्या होत्या. नीट बघा, आहेत का?"

मागे मर्व्ह खो खो हसला. अध्यक्ष हसले नाहीत. "काय घेतलंत तुम्ही?"

नोलीनने आइस्क्रीमचा डबा टेबलावर ठेवला. "घोड्याच्या खुराची पावडर. चमचाभर. हिच्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. माणसाला रोज लागतं त्याच्या शेकडो पट एका चमच्यात आहे, कारण ते माप पाचशे किलोच्या जनावराचं आहे. पागेतल्या पोरी ती नखांसाठी चहात घेतात. अपाय काही होत नाही. फक्त यंत्र फसतं."

"कसं?"

"त्या यंत्रात हार्मोन पकडायला जो गळ वापरतात, तो चिकटतो बायोटिननेच. रक्तात आधीच बायोटिनचा पूर असला की चिकटायच्या जागा भरून जातात आणि गळ निसटतो. टीएसएचच्या चाचणीत गळाला कमी लागलं की आकडा कमी येतो. थायरॉइड, पुरुषी हार्मोन आणि ड जीवनसत्त्वाच्या चाचणीत हिशोब उलटा: गळाला कमी लागलं की आकडा जास्त. लबाडी एकच, पण एक आकडा खाली जातो, दुसरे वर. म्हणून जोडी जुळते, साहेब. म्हणून खोटं खऱ्यासारखं दिसतं."

ती टीगनकडे वळली. "नाडी बावन्न. वजन तेच. ऊन नाही, तरी ड जीवनसत्त्व छताला. आईकडे चार दिवस डबा नव्हता, रक्त स्वच्छ. गोळ्या बंद झाल्या नव्हत्या, चहा बदलला होता."

पॅस्को खुर्चीत सैलावला. "मान्य. दुर्दैवी चूक. हे आम्हाला कसं कळणार? पोरीने सांगितलं नाही."

"पोरीने लपवलं, खरं आहे. नोकरी जाईल म्हणून. तुम्ही कशासाठी लपवलंत?"



नोलीनने टीगनचा अहवाल उचलला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पान एक, दोनपैकी. आम्हाला एकच मिळालं. बुधवारी आम्ही प्रयोगशाळेला विचारलं. दोन्ही पानं चार तारखेला सकाळी नऊ वाजता डॉक्टर पॅस्कोंना पोचली. दुसऱ्यावर प्रयोगशाळेने लिहिलंय: आकडे संशयास्पद, बायोटिन असू शकतं, तीन दिवस थांबून दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर तपासा, तोपर्यंत निष्कर्ष काढू नये. ही नक्कल. चार तारखेला दुपारी डॉक्टरांनी पेपरवाल्यांना फोन केला. पेपरवाला माझ्या बहिणीचा जावई. वेळ त्याने लिहून ठेवलीय."

"साहेब, अशा सूचना प्रयोगशाळावाले ढीगभर लिहितात," पॅस्को म्हणाला. "प्रत्येक सूचनेवर थांबलो असतो तर एकही चोर सापडला नसता."

"म्हणजे वाचली होती," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

 पॅस्कोने फाइलवर हात ठेवला, नको तितका घट्ट.

अध्यक्षांनी लायसन्सचं कार्ड टीगनच्या पुढे सरकवलं. "मिस पर्टल, बंदी याच क्षणापासून उठली. उद्याच्या शर्यतीत तुम्ही उतरू शकता. मंडळाला खेद आहे."

टीगनने कार्डाला हात लावला नाही. ती उठली. पन्नास किलोची पोरगी, पण तिची खुर्ची मागे सरकताना भिंतीवर आदळली.

"खेद घरी ठेवा. डॉक्टरांच्या हाताखाली फाइल आहे. त्यात तीन वर्षांपूर्वीचा अहवालही असणार. तेच आकडे, तीच पागा, तोच चहा. ती आज सकाळीही द्राक्षं तोडत असेल." तिने टेबलावर दोन्ही मुठी टेकल्या. "हात काढा, डॉक्टर. रोवेनाचं दुसरं पान कुठे आहे?"