मराठीत हाक मार

मस्कतच्या अल् घुब्रातल्या भाड्याच्या फ्लॅटमधून निघता निघता कौशिक सावंतने नियम जाहीर केला, आणि तोही सरकारी फतवा काढावा तसा. आज दिवसभर फक्त मराठी. इंग्रजीत बोललं तर बाबा उत्तर देणार नाही, मागे वळूनसुद्धा बघणार नाही.

"होल डे?" नऊ वर्षांच्या पूर्वाने विचारलं.

कौशिक ठार बहिरा झाला आणि बुटांच्या नाड्या बांधत बसला. त्याची बायको यशश्री घरीच राहणार होती, ती त्यांच्यासाठी डब्यात थालीपिठं भरत होती. "छळू नकोस रे पोरीला," ती म्हणाली, पण तीही हसतच होती.

या फतव्यामागे चिपळूणचे अण्णा होते. कौशिकच्या वडिलांना ऐंशी उलटून गेली होती. दर शुक्रवारी फोन जायचा, आणि पूर्वा "हं", "बरी आहे" एवढं बोलून तो बाबाच्या हातात कोंबायची. शाळेत दिवसभर इंग्रजी, मैत्रिणींशी इंग्रजी, मराठी बोलायची वेळ आली की तिची जीभ जड व्हायची. गेल्या महिन्यात अण्णा म्हणाले, "राहू दे. तिला नसेल बोलायचं, तर कशाला उगाच?" त्या रात्री कौशिक जेवला नाही. मेमध्ये ते चिपळूणला जाणार होते. त्याआधी पोरीने आजोबांशी चार वाक्यं धड बोलावीत, एवढाच त्याचा हट्ट होता, आणि हट्टाला पेटला की कौशिक कोणाचं ऐकायचा नाही.

गाडी इक्बालभाईंची. इक्बालभाई दापोलीचे, अझैब्यात टायरचं दुकान, अर्धं आयुष्य मस्कतमध्ये गेलेलं. घूल गाव मागे पडल्यावर घाट चढू लागला, डांबर संपलं, आणि जबल शम्स डोंगराच्या खडीच्या रस्त्यावर गाडी खडखडायला लागली. मस्कतमध्ये एसी लावावा लागत होता, इथे पूर्वाने स्वेटर घातला. अल खितैमला रस्ता संपतो. तिथे चार दगडी खोल्या, बकरीच्या केसांचे गोफ विकणारी एक बाई, आणि पुढे एकदम दरी.

"माझा गुडघा काय येणार नाय," इक्बालभाई थर्मास घेऊन दगडावर टेकले. "तुम्ही जा. साब गावात पोचलात की हाक मार बेटा. समोरचा डोंगर काय मस्त जवाब देतो. यल्ला, निघा!"

वाट कड्याच्या बरोबर मध्यावरून जाते. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला नुसती हवा, आणि खूप खाली वादीचा, कोरड्या नदीचा, पांढरा तळ. पण पायवाट गाढवाच्या ओझ्यासाठी केलेली, तेव्हा रुंदीला कमी नाही. दगडांवर पिवळे-पांढरे-लाल पट्टे रंगवलेले, चुकायची सोय नाही. कौशिक रस्त्यांच्या कामावर सर्व्हेअर. अंतर आणि उतार डोळ्यांनी मोजत चालणं ही त्याची सवयच होती. पूर्वाला त्याने कातळाच्या बाजूने ठेवलं.

"बाबा, ते... ती झाडावर..."

"शेळी."

"शेळी झाडावर आहे!" पूर्वा स्वतःवरच खूश झाली. खरंच, एका रानटी ऑलिव्हच्या झाडावर शेळी चढून पाला खात होती.

साब गाव म्हणजे कड्याच्या पोटाखाली चिकटलेली काही दगडी घरं. माणसं केव्हाच निघून गेलेली. दारं बुटकी, आत चुलीचा काळा डाग अजून शाबूत. पुढच्या पडीक शेतांच्या पायऱ्यांवर कोणे एके काळी गहू पिकत असावा. पलीकडे, दरी ओलांडून, समोरचा कडा सरळसोट उभा. त्यावर पाऊलवाट नाही, कपार नाही, झुडूपही नाही.

कौशिकने तोंडाशी हात धरले. "ओऽऽ पूर्वाऽऽ!"

तीन-चार सेकंद गेले आणि हाक परत आली. आवाज जाऊन आपटतो आणि परत येतो, त्याने समजावलं. जेवढा कडा लांब, तेवढा उशीर.

मग पूर्वा पुढे झाली. "मी पूर्वाऽऽ!" परत आलं. ती टाळ्या पिटत नाचली. "मला भूक लागलीऽऽ!" तेही आलं. मग तिने छाती भरून श्वास घेतला. "मला इथे खूपऽऽ..."

आणि अडली. थंडीला काय म्हणतात ते आठवेना. ती तोंड उघडं ठेवून बाबाकडे बघू लागली.

"मला इथे खूपऽऽ..." समोरून आलं. तेवढ्यावर थांबलं. मग तोच आवाज, पूर्वाचाच, जराही न अडखळता म्हणाला, "एकटं वाटतंऽऽ."

कौशिक आधी हसला. मग त्याने पूर्वाकडे बघितलं. तिचे ओठ हलले नव्हते.

"आय डिडन्ट से दॅट," ती पुटपुटली.

"मराठीत," कौशिक सवयीने म्हणून गेला. पण त्याच्या अंगावर सरसरून काटा आला होता. शब्दाचं सोडाच, ही हाक त्याच्या हाकेपेक्षा लवकर आली होती. कडा अर्ध्या अंतरावर सरकला असावा, इतकी लवकर. मस्कतमधलं एखादं मराठी कुटुंब कुठेतरी खडकाआड बसून चेष्टा करत असेल, त्याने मनाची समजूत घातली. "कोण आहे तिकडे?" तो ओरडला. सावकाश, ठरल्या वेळाने, त्याचाच प्रश्न परत आला.

थालीपिठं तशीच राहिली. "चल," तो म्हणाला, "इक्बाल अंकल वाट बघतायत."

परतताना घाईने चालता चालता कौशिक चार पावलं पुढे गेला. मागे तिच्या बुटांची करकर ऐकू येत होती.

"बाबा, वेट."

नियम म्हणजे नियम. सकाळपासून एवढं जमवत आणलंय, आता ढिलं सोडलं तर सगळं मुसळ केरात. तो चालत राहिला.

"बाबा, प्लीज! देअर इज समवन..."

बेरकी आहे कार्टी, मला वळायला लावते. भीती त्यालाही वाटत होती, आणि म्हणूनच त्याला आवाज चढवावासा वाटला. "मराठीत हाक मार, मग थांबतो!" तो मागे न बघता म्हणाला.

करकर थांबली. क्षणभर वाराही पडला.

मग अगदी पाठीशी, स्वच्छ आवाजात ऐकू आलं, "बाबा, थांबा ना जरा. किती भरभर चालता तुम्ही!"

कौशिक वळला. पूर्वा उभी होती. तोच स्वेटर, तीच विस्कटलेली वेणी, आणि चेहऱ्यावर हसू. त्याला इतका आनंद झाला, की तिने आजवर त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, हेही त्याने कौतुकातच जमा केलं. तिने आपणहून हात पुढे केला. हात थंडगार होता. थंडीच तशी होती.

उरलेली वाट ती बोलतच होती. खितैमला पोचल्यावर तिने शेळीची सगळी गोष्ट इक्बालभाईंना रंगवून सांगितली, ती कशी चढली असेल, उतरणार कशी, सगळं. इक्बालभाईंनी गुडघ्यावर थाप मारली. "अरे कौशिक, काय खायला घातलंस हिला?"

कौशिकचा ऊर भरून आला. इथे रेंज होती. त्याने तिथल्या तिथे चिपळूणला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन इक्बालभाईंच्या हातात धरायला दिला.

"आजोबा, कसे आहात? गुडघे काय म्हणतायत? मे महिन्यात येतेय मी, फणस राखून ठेवा हं."

पलीकडून अण्णांनी नाक ओढल्याचा आवाज आला. "राखतो गं बाय. राखतो."

तेवढ्यात दरीतून हाक आली.

"बाबाऽऽ!"

बारीक, लांबून. इक्बालभाईंनी गाडीजवळ उभ्या असलेल्या पोरीकडे बघितलं, मग दरीकडे.

"बाबाऽऽ! आय ॲम हिअरऽऽ! डोन्ट गोऽऽ!"

कौशिक काठाकडे धावला. समोर उन्हात उघडा, सरळसोट कडा. मुंगीसुद्धा दिसली असती. कोणी नव्हतं.

"या अल्ला," मागे इक्बालभाई म्हणाले.

मग तोच आवाज, हुंदका गिळून, एकेक शब्द चाचपत:

"बाबाऽऽ... सॉरी... मी मराठी... बोलते. मी मराठीच... उत्तर दे नाऽऽ."

सगळा जीव एकवटून कौशिक ओरडला, "पूर्वाऽऽ!"

हाक गेली. तो वाट बघत राहिला. ती परत आली नाही.

स्पीकरवर अण्णांचा आवाज काळजीने चढला. "कौशिक? कुणाचं रे पोर रडतंय तिकडे? कोणी बघतंय की नाही त्याच्याकडे?"

मुलीने इक्बालभाईंच्या हातातून फोन अलगद काढून घेतला.

"कुणाचं नाही हो, आजोबा," ती म्हणाली. "शेळी अडकलीय दरीत. होईल गप्प थोड्या वेळाने."

तिने फोन बंद केला, गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली, आणि हात लांबवून कौशिकसाठी पुढचं दार आतून उघडून ठेवलं.